दर अंकात चक्कर येणारी माय

खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातला बंदोबस्त केला. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. सावली तालुक्यातली नाटकचोरीची केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. आधी हसू येतं, मग संताप.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नवा फौजदार, कॉलेजात पत्रकं छापून, मोर्चे काढून खात्यात आलेला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्याच दिवसांत एक बांगडीवाले चाचा ठाण्यात आले. धंदा बांगड्यांचा, जीव नाटकात. स्वतः लिहायचे, स्वतःची छोटी मंडळी घेऊन करायचे.

"साहेब, माहं नाटक चोरी गेलं. दुसऱ्या कंपनीच्या मालकानं नाव बदललं अन् लेखक म्हणून सोताला छापलं. त्याचे पोस्टर मोठे, म्हणून लोक मलेच चोर म्हणून राह्यले. गल्लीतल्या बाया विचारतात, चाचा, दुसऱ्याचं काऊन उचललं?"

"नाटक कुठी आहे आता?" आमच्या हवालदारानं विचारलं.

"हे काय, पिशवीत."

"मंग चोरी कशाची? मुद्देमाल तर फिर्यादीजवळच आहे! रकान्यात काय लिहू मी?"

हाच आपला रोग. शेजाऱ्याची कोंबडी उचलली तर अख्खं गाव काठ्या घेऊन निघतं. आणि माणसानं डोकं शिणवून लिहिलेलं उचललं, तर म्हणे त्यात काय एवढं! मी कपाटातून कॉपीराइट कायद्याचं पुस्तक काढलं. त्याला तोवर फक्त वाळवीचा हात लागला होता. गुन्हा दखलपात्र, शिक्षा तुरुंगवासाची. फिर्याद नोंदवली.

दोनच दिवसांत चिवडा विकणाऱ्या एका खबऱ्यानं सांगितलं, की वैनगंगेकाठच्या एका गावात आज रात्री तेच नाटक लागणार आहे. सकाळीच आम्ही त्या कंपनीच्या मालकाला बोलावून आणलं. पांढरे बूट, काळा चष्मा आणि काखेत वही.

"चाचाजवळ वही आहे तं माह्याजवळबी आहे. माह्याच डोक्यातून निघालं हे."

दोन वह्या, दोन लेखक, मजकूर एक. म्हटलं, वाचूनच बघू. दोघांना बाहेर बसवलं. मुलाची भूमिका मी घेतली, आईची हवालदाराला दिली. आधी तो फुरंगटला, मग इतका रंगला की लॉकअपमधला दारूवाला टाळ्या वाजवायला लागला. तिसऱ्या अंकात मात्र त्यानं वही आपटली.

"साहेब, हे काय लावलं? सीन रंगात आला का मायले चक्कर! दर अंकात आत जाऊन पडतो मी. अन् मी पडलो का नाचणारी येते. मले तं ती दिसलीच नाई अजून!"

मी थबकलो. दोघांचे जबाब वेगवेगळे घ्यायचं ठरवलं. आधी मालक.

"या आईला चक्कर का येते?"

"म्हातारी आहे, साहेब. बीपी."

"मग मुलगा डॉक्टर का आणत नाही?"

"गरीब आहे न तो."

"दुसऱ्या अंकात त्याला लॉटरी लागते."

मालकानं चष्मा काढून पुसला. "मंग... देवीचा कोप असन."

मग चाचांना आत घेऊन तोच प्रश्न केला. ते चक्क लाजले.

"साहेब, आमच्या मंडळीत बाई एकच. तेच माय, तेच नाचणारी. लुगडं बदलायले टाइम नको? म्हणून मायले आत पाडतो. तेवढ्यात पोरगा शेजाऱ्यासंग धानावर बोलत बसते."

मालकाला पुन्हा आत घेतलं. "तुमच्या कंपनीत बाया किती?"

"दोन!" छाती फुगली. "खास नागपूरहून आणल्या."

"मग अख्ख्या नाटकात त्या दोघी एकदाही समोरासमोर का येत नाहीत?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं कबूल केलं, की गेल्या मंडईत घोंगडीखाली टेपरेकॉर्डर लपवून त्यानं चाचांचं नाटक भरून घेतलं होतं. चोरानं दागिन्याबरोबर दागिन्याचा डागही उचलला होता!

पोस्टर आणि कॅसेट जप्त करून पंचनामा करतोय, तोच जिथं नाटक लागायचं होतं ते अख्खं गाव ठाण्यावर आलं. "साहेब, नाटक बंद करू नका. लेकी-जावई आले, कोंबडे शिजले, आता पाहुण्यांले काय दाखवू?"

मी म्हटलं, नाटकाचे मालक हे, यांना विचारा. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं गाव चाचांच्या तोंडाकडे बघत होतं.

चाचा म्हणाले, "होऊ द्या. गुन्हा कायम राहू द्या, अन् आजचं नाटकबी होऊ द्या. फक्त लेखक कोण, ते या मालकानं सोताच्या तोंडानं भोंग्यावर सांगावं. पह्यले माह्या गल्लीत."

भोंगा लावलेली जीप चाचांच्या गल्लीत शिरली. मालक पुटपुटला. बाया दारात आल्या. "काय म्हणते तो? ऐकू नाई आलं!"

"दम लावून सांगा, मालक," चाचा म्हणाले. "पोस्टर छापताना तं लय दम होता."

त्यानं सांगितलं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

खटला पुढे रीतसर चालला. पण चोर आत गेला की फिर्यादीचं काम झालं, हा माझा समज त्या गल्लीत गळून पडला. चाचांना हवी होती दुरुस्ती, तीही जिथं नाव बुडवलं तिथंच. आज मोबाइलवर कुणाची कविता, कुणाचा फोटो नाव पुसून बिनदिक्कत पुढं ढकलणाऱ्यांना मी तेच सांगतो. चूक कळल्यावर लेखकाच्या कानात हळूच माफी मागू नका. ज्या गटात नाव पुसलंत, त्याच गटात ते लिहा. मोठ्या अक्षरांत.