फौजदारांचं धुतलेलं जाकीट

आमच्या इमारतीत एक फौजदार राहतात. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध इतकाच, की हमरस्त्यावर गाडी आपटली किंवा बंद पडली की पोलीस त्यांना फोन करतात. फौजदार क्रेन चालवतात. बंद पडलेल्या, चेपलेल्या, खड्ड्यात तोंड घालून बसलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हा त्यांचा धंदा. फौजदार हे नाव मी ठेवलं. तळमजल्यावरचे शिंपी म्हणतात त्यांनी ठेवलं, पण शिंप्यांचं कोण ऐकतो!

माणूस ठेंगणा, पोट दोन पावलं पुढे, आवाज खणखणीत. रस्त्यावर उतरला की कुणाची भीडभाड ठेवायची नाही. गाडी बंद पडलेला कितीही बडा साहेब असो, फौजदार त्याला शाळेतल्या पोरासारखा हाकलणार. "साहेब, फोटो नंतर काढा. आधी कठड्यापलीकडे. गाडी विम्यातून भरून मिळते, साहेब कुठून आणू?" मग क्रेनच्या टपावरचा पिवळा दिवा लावायचा, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत मागे जायचं, पार लांबपासून नारिंगी शंकू मांडत यायचं, आणि हे सगळं झाल्यावरच बंद गाडीला हात लावायचा. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, एवढ्या वेळात मी ढकलत घरी नेली असती." फौजदार म्हणाले, "ढकला की. मी हार घेऊन मागून येतो."

घरातही हीच फौजदारी. लेकीने गाडी चालवायचा परवाना काढला, तेव्हा ह्यांनी पाढे म्हणवून घ्यावेत तसं तिच्याकडून रोज जेवणाआधी म्हणवून घेतलं. लुकलुकता दिवा दिसला, मग तो क्रेनचा असो, रुग्णवाहिकेचा असो की बंबाचा, पाय आधी ब्रेकवर. शेजारची लेन मोकळी असेल तर तिकडे सरकायचं. मोकळी नसेल तर गोगलगाय व्हायचं. "आणि का, कशाला, ते नंतर विचारायचं!" हा शेवटचा चरण. लेक कंटाळून म्हणायची, "बाबा, वाढा आता. पाठ झालंय."

आता वहिनींकडे वळू, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. फौजदारांची बायको म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी. इमारतीत त्यांच्याइतके स्वच्छ कपडे कुणाच्या दोरीवर वाळत नाहीत, आणि ते त्यांना ठाऊक आहे. नवरा रोज ग्रीस माखून घरी येणार आणि त्यात त्याचं ते रेडियमच्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट सगळ्यात काळं. वहिनींना ते बघवेना. गरम पाण्यात भिजवायचं, साबणाची पूड लावायची, ताठ ब्रशने पट्ट्यांसकट खसाखसा घासायचं, आणि वाळल्यावर वरून कडक इस्त्री. मी एकदा जिन्यात म्हणालो, "वहिनी, हे क्रेनवाल्याचं जाकीट आहे की नवरदेवाचा कोट?" त्या अशा लाजल्या, की दुसऱ्या दिवसापासून बहुतेक दुप्पट घासायला लागल्या असतील.

दिवसाउजेडी ते जाकीट झकास दिसायचं. पट्ट्या जरा राखाडी पडल्या होत्या, पण स्वच्छ होत्या ना! अंधारात दिव्याच्या झोतात त्या चमकतात की नाही, हे बघणार कोण? वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरात. आणि घालणाऱ्याला स्वतःची पाठ कुठे दिसते?

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, संध्याकाळ वेळेआधीच काळवंडली. पुलाच्या पुढच्या वळणावर एक टेम्पो बंद पडला. पुढचं मला तिघांकडून तीन तऱ्हांनी ऐकायला मिळालं, त्यातलं जुळतं ते सांगतो. फौजदारांनी टेम्पोवाल्याला कठड्यापलीकडे पिटाळलं, दिवा लावला, शंकू मांडले. सगळं शिस्तीत. पण टेम्पोचा पुढचा हूक वाकलेला निघाला, म्हणून तारेचा दोर रहदारीच्या अंगाच्या चाकापाशी बसून अडकवावा लागला. दोर अडकला. तो नीट ताणलाय का ते बघायला फौजदार उठले आणि टेम्पोकडे बघत मागे सरकले. एकच पाऊल, पण शंकूंच्या ओळीच्या बाहेर, आणि रस्त्याकडे पाठ करून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्याच वेळी त्याच रस्त्याने एक छोटी व्हॅन येत होती. फौजदारांची लेक केकच्या दुकानात कामाला आहे, ही त्या दुकानाची व्हॅन. शेजारी वहिनी. बहिणीकडे गेल्या होत्या, लेकीने वाटेत घेतलं होतं.

"अगं, हाक जरा! आभाळ बघ. कपडे दोरीवर आहेत माझे."

"आई, तो बघ पिवळा दिवा."

"दिवा आहे, भूत नाही. रस्ता मोकळा आहे की!"

लेकीचा पाय ब्रेकवर गेला होता, तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि व्हॅन शेजारच्या लेनमध्ये घेतली.

"एक टेम्पो उभा तर एवढा वळसा! बापाचीच लेक शोभतेस."

हे वाक्य पुरं होतंय न होतंय तोच टेम्पोच्या कडेने एक काळं बोचकं जमिनीतून वर आलं आणि मागे सरकलं. व्हॅन आत्ताच जी लेन सोडून आली होती, नेमकी त्या लेनमध्ये. झोतात काही चमकलं नाही, काही नाही. व्हॅन शेजारून गेली तेव्हा बोचक्याने मान वळवली.

"अगं बाई! हे तर आपले!"

लेकीने पुढे जाऊन कडेला व्हॅन थांबवली, चारही इंडिकेटर लावले. वहिनी धाडकन दार उघडून रस्त्यावरूनच मागे धावायला निघाल्या, तर पोरीने त्यांचं मनगट धरलं. "त्या बाजूने नाही, आई! इकडून ये." दोघी कठड्यापलीकडून चालत मागे आल्या.

"ए, कोण आहे तिकडे? तिथेच थांबा—" फौजदारांनी सवयीने आवाज चढवला आणि मग ओळखलं. "तुम्ही? इथे कशा?"

"तुम्ही दिसला नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"दिसलो नाही? हे पोट घेऊन?"

कुणी हसलं नाही. "बाबा, जाकीट चमकलंच नाही," लेक म्हणाली. "जरासुद्धा नाही."

"चमकतं की! रोज धुतलेलं असतं ते."

वहिनींचा चेहरा उतरला तो तिथे. लेकीने चार पावलं मागे जाऊन मोबाईलचा टॉर्च मारला. पट्ट्या पोतेऱ्यासारख्या मेलेल्या. कठड्यापलीकडे शहाण्यासारखा उभा असलेला टेम्पोवाला तेवढ्यात बोलला, "मावशी, ह्या पट्ट्या घासायच्या नसतात हो. आणि इस्त्रीने तर पार मरतात."

"तुम्ही आधी तुमचा टेम्पो चालू ठेवायचं बघा!" वहिनी कडाडल्या आणि त्याच दमात रडायला लागल्या.

फौजदारही कठड्याच्या आत आले, त्यावरच टेकले. माणूस ओरडण्यात पटाईत, पण बायको रडली की त्याची पार शेळी होते. "अगं, तुझ्या एकटीची चूक नाही. मी ओळीबाहेर होतो. रस्त्याकडे पाठ करून. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती." मग लेकीकडे वळले. "तू कशी काय सरकलीस? दिसलो तर नव्हतोच."

"तुम्हीच सांगितलंय. दिवा दिसला की सरकायचं. का, ते नंतर विचारायचं."

"मग विचार आता."

"नको, बाबा," ती म्हणाली. "कळलं."

टेम्पोवाला मला सांगत होता (हो, तोही आता ओळखीचा झालाय), की त्याने एवढे मोठे फौजदार नाक पुसताना पहिल्यांदा पाहिले.

टेम्पो गॅरेजात पोचवून फौजदार तिथूनच नवं जाकीट घेऊन आले. आमच्याकडे जेवणाची ताटं मांडली जात होती, तोच खाली आवारात व्हॅनचे दिवे लागले. मी खिडकीत. खिडकीत मी एकटाच नव्हतो, पण बाकीच्यांची नावं कशाला? वहिनी व्हॅनमध्ये चालकाच्या जागी बसल्या होत्या, काचेतून डोकं बाहेर काढून. समोर फौजदार नव्या जाकिटात, पाठमोरे.

"दिसतोय का?" ते ओरडले.

"दिसताय! पुढे जा."

ते गेले. पाठीवरच्या पट्ट्या नुसत्या लखलखत होत्या.

"आता?"

"दिसताय. अजून जा."

"अगं, फाटक आलं!"

"फाटकाबाहेर जा."

खालून शिंप्यांच्या मुलाने शिट्टी मारली. मीही म्हणालो, "फौजदार, बायकोने घराबाहेर काढलं की हो!" त्यांनी हात उडवला आणि फाटकाबाहेर गेले. पार कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत पोचले, तिथून त्यांचं पोटही नीट ओळखू येईना. पट्ट्या मात्र दोन उजळ रेघांसारख्या अधांतरी उभ्या.

"आता तरी येऊ का? भूक लागलीय मला!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. आवाजात आता रडू नव्हतं, पण तो नेहमीचाही नव्हता. "जरा उभे राहा तिथेच. बघू दे मला."