कढत पाण्याचा तांब्या

आळंदला कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझी बैठक आहे. लोकांची गाऱ्हाणी मराठीत ऐकतो आणि कन्नडात अर्ज लिहून देतो. शाळा सातवीलाच सुटली. परंतु माझ्या मसुद्यातला एक शब्द बदलण्याची हिंमत आजवर कोणा कारकुनास झालेली नाही. अशा माणसाच्या बोटांतच संधिवाताने ठाण मांडावे, हा अन्याय मी कोणापुढे मांडावा?

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितले, हा वयाचा वात नव्हे; शरीरच आपल्या सांध्यांवर उलटले आहे. औषध कायमचे, आणि सकाळी आखडलेले हात गरम पाण्यात धरावेत. सोयऱ्यांनी लसूण आणि एरंडेल सुचवले व आपापल्या घरी गेले. सदऱ्याची बटणे पत्नी लावून देते. बैठकीवर मात्र मला आधार एकटीचाच, शेजारच्या चहावाल्या अक्काचा. ती रोज कढत पाण्याचा तांब्या आणून देई. दुर्दैवाने तिला हळू बोलता येत नाही.

"अण्णा, बोटं उघडली का न्हाई अजून?"

सारा लिंब हसे. पलीकडचा अर्जनवीस तर लेखणी थांबवून हसे.

शेवटी मी तिला दटावले, "कामून वरडायलीस? उद्यापासून पाणी नको."

"व्हय, नको तर नको. माझा गॅस वाचला."

दुसऱ्या सकाळी एक विधवा म्हातारी पगारीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, अर्जासाठी आली. आमच्या धंद्याची रीत अशी, की निरक्षर पक्षकाराचा अंगठा अर्जनवीसाने स्वतः धरून कागदावर दाबावा. अंगठा त्यांचा, जोर आमचा. माझ्या बोटांत तो जोरच नव्हता. ठसा पुसट उठला, शिवाय सरकला. अर्ज कचेरीच्या खिडकीतूनच परत आला.

म्हातारीने माझा सुजलेला हात उलटासुलटा करून पाहिला. "अप्पा, आधी तुमचाच हात कुणी धराया पायजे," म्हणाली आणि पलीकडच्या बैठकीवर जाऊन बसली. तिच्यामागे आणखी दोघे गेले.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः उठून अक्काच्या शेगडीपाशी गेलो.

"आता हळू बोलू का, अण्णा?"

"कसंबी बोल. पाणी दे."

ती पूर्वीसारखीच ओरडते, लिंब पूर्वीसारखाच हसतो. मी तांब्यात हात बुडवून खाली मान घालून बसतो. लोकांचे हसणे लवकर थांबते. माझी बोटे उघडायला त्याहून फार वेळ लागतो.