बाबांच्या विळीची मी खोडलेली ओळ

चहा थंड होऊ द्या, पण आधी हे ऐका. मी पेटंटचा वकील. लोकांचे अर्ज लिहून पोट भरतो. आणि सख्ख्या बापाच्याच केसची मी पार वाट लावली!

बाबा मरोळच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर मुलुंडच्या घरी त्यांनी आईसाठी विळी बनवली. ओट्याला घट्ट बसणारी, उभ्यानं चिरायची. आईचे हात थरथरतात ना, म्हणून हात बाजूला झाला की पातं आपोआप मिटायचं. पेटंटवर स्वतःचं नाव बघायचं, एवढीच त्यांची हौस. अर्जात नेमकं आपलं काय, ते सांगणारा भाग म्हणजे दावा. तो बाबांनी स्वतः लिहून दिला. एकच ओळ, पातं मिटण्यासकट.

मी ते पातं मिटण्याचं खोडलं. का? अहो, दाव्यात अटी जितक्या कमी, दावा जितका मोकळा, तितकी मालकी मोठी. धंद्याची सवय, दुसरं काय?

बाबा म्हणाले, "अरे, तेवढंच तर नवीन केलंय मी."

मी म्हटलं, अर्जात खाली विळीच्या वर्णनात आहे ना, बस झालं.

पेटंट ऑफिसातल्या परीक्षकानं मोकळा दावा मोकळाच वाचला. ओट्याची विळी? बाजारात ढिगानं मिळते. अर्ज फेटाळला. त्याआधी दुरुस्ती कर म्हणून सुचवलं होतं, पण मी कसला ऐकतोय? ठोकलं अपील. त्याची तारीख लागायच्या आत बाबा गेले.

अपिलात मी घसा कोरडा केला. वर्णन वाचा, पातं मिटतंय बघा, एकच धोशा.

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "वर्णनावरून दाव्यातल्या शब्दांचा अर्थ लावता येतो. दाव्यात नसलेलं पातं मी तिथं कसं बसवू? तुम्ही का नाही लिहिलं?"

त्यांनीच दावा आवळून पुन्हा लिहायची मुभा दिली. मी ऐटीत चार मसुदे केले, चारही फसले. शेवटी बाबांची ओळ जशीच्या तशी टाकली. मिळालं पेटंट.

परवा सर्टिफिकेट आलं. संशोधक म्हणून बाबांचं नाव. ते घेऊन मी वेड्यासारखा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो, दाखवायला. इतकी आठवण आली, की दारातच बसलो.

आईनं कागद वाचला. म्हणाली, "विळी ह्यांची, ओळही ह्यांचीच. मग इतकी वर्षं तू काय करत होतास रे?"

म्हटलं, "ती ओळ खोडायला एक मिनिट लागलं, आई. बाकीची वर्षं ती परत लिहिण्यात गेली. बाबांची शेवटचीसुद्धा."