आईची दृष्ट
स्वातंत्र्यानंतर आमच्या मंगळवार पेठेतल्या बायका नोकरीला जाऊ लागल्या, तसा शेजारच्या काकूंनी घरातच पोरं सांभाळायचा धंदा काढला. पोरं ठेवून जाणाऱ्या आयांना नावं ठेवायचं मात्र सोडलं नाही. मी शाळेत शिकवायला निघाले की माझी पोर कडेवर घेऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जावा बाई, जावा! लोकांची पोरं शिकवा. तुमची हाय की हितं!" आणि मी एखाद दिवस रजा घेतली, तर पोर मागायला दारात हजर.

एकदा डबा काकूंकडेच विसरला म्हणून परत गेले. काकू मीठ-मोहऱ्या घेऊन सगळ्या पोरांची दृष्ट काढत होत्या.

"रात्रभर तर आपापल्या घरीच होती. दृष्ट कुणाची लागली?"

"आयांचीच की! दिवसभर बघायचं न्हाय, आन् घरला नेलं की डोळं फाडून बघत बसायचं. लेकराला सोसंल व्हय?"

मला हसू आलं; मी शाळेत शास्त्र शिकवते.

संध्याकाळी पोरीला कडेवर घेतलं आणि घर येईपर्यंत रस्त्याकडेच बघत चालले.