सोमी माळाला कान लावायची

सोमी गेल्याचं तिच्या नवऱ्याने, काळूने, शाळेच्या दारात येऊन सांगितलं. "मास्तर, लेकराशेजारी ठेवा म्हनाली. खड्डे तुमी खनवलं, जागा तुमाला ठावं असंल..." हे लिहायला मला महिना लागला.

स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा भिवंडीबाहेरच्या आमच्या माळावर चाळीस झाडं लावायचं गावाने ठरवलं. आखणी माझी, खणायला पाड्यावरची माणसं, त्यांत सोमी. दात यायच्या आत गेलेलं मूल पाड्यावर जाळत नाहीत, पुरतात आणि वर एक धोंडा ठेवतात. रांग सरळ यावी म्हणून मी माळावरचे सगळे धोंडे आधीच उचलायला लावले होते.

"मास्तर, ह्या बाजूला माजा पोर हाय."

"अगं, पण नेमका कुठं?"

"धोंडा व्हता तिथं."

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी कडेचा खड्डा साफ करताना हाताला काळ्या दोऱ्यातला इवलासा वाळा लागला. सकाळी पाहुण्यांच्या हस्ते तिथंच जांभूळ लागायचं होतं. पाड्याला कळलं असतं तर सगळंच थांबलं असतं. मी माती लोटली. सोमी मागेच उभी होती.

"काय गावलं का?"

"नाही गं."

"मंग दुसरीकडं असंल."

त्या 'नाही'ने तिची पुढची दहा वर्षं खाल्ली. शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद असत, खडखड थांबे, माळावर कानात दडे बसावेत अशी शांतता होई. तेव्हा ती येऊन झाडाझाडाशी जमिनीला कान लावायची. रस्त्यावरून ट्रकवाले ओरडायचे, "ए सोमे, फोन लागला का?" "लागलाय, तुज्या बापाला देऊ?" ती तिथूनच सुनावायची. मला मात्र हळूच सांगायची, "हाक येते मास्तर... जागा गावत न्हाय." आणि मी म्हणायचो, भास असेल.

काळू शाळेत आला त्या दिवशी त्याला जांभळापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. तो बुंध्याशी खाली बसला.

"हितं ती कंदीच थांबली न्हाय," तो म्हणाला. "म्हनायची, हितं पोर न्हाय रडत. बाप्या मानूस रडतो... मास्तराचा आवाज हाय."

सोमीला तिथंच ठेवलं. झाड लावल्यापासून काळूला नेलं त्या दिवसापर्यंत मी तिथं एकदाही फिरकलो नव्हतो.