लोकोपयोगी भोंगा

कमलचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, पहिलं लग्न आमच्या आचाऱ्याशी लागलं. त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

तेव्हा मी अकोल्याच्या एका तेलगिरणीत कारकून होतो. मालक शेटजी मोठे दानशूर. गावात जिथं सावली दिसेल तिथं त्यांनी स्वतःच्या नावाचं बाक बसवलेलं! एके दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बाबूजी, आपल्या दानधर्माचा लोकाइले खरंच उपयोग होऊन राहिला काय, ते पाहून या. अन् सुधारना सांगा."

मी गावभर विचारत फिरलो. (बाकांवर बकऱ्या होत्या, त्यांचं मत घेतलं नाही.) जो तो एकच सांगे.

"बाकं कोनाले पायजेत? गिरणीचा भोंगा तेवढा कामाचा आहे बाप्पा! तो वाजते म्हनून सैपाक वेळेवर होते!"

आमच्याकडे घड्याळं कमी, आणि होती तीही भोंग्यावरून लावलेली. मी ऐटीत सुधारणा सुचवली: बाराच्या भोंग्याआधी, साडेअकराला, बायांना भाताची आठवण म्हणून आणखी एक भोंगा! शेटजी खूश.

"तुमच्या बहिनीच्या लग्नाच्या दिवशीच सुरू करतो!"

मी इतका फुगलो की घरी सांगायचंच विसरलो.

मुहूर्त बाराचा. भटजींनी तो अर्थातच भोंग्यावर सोडलेला. नवरदेव धामणगावचा, वरात अजून मारुतीच्या देवळापाशी. मांडवात मंडळी अक्षता घेऊन बसलेली, आणि भोंगा वाजला!

"अरे, मुहूर्त टळून राहिला!" भटजी ओरडले.

मामांनी कमलला जवळजवळ उचलूनच बोहल्यावर आणलं. तिच्यासमोर आचारी उभा होता. "भात उतरवू काय?" हे विचारायला आलेला! भटजींनी घाईत डोळे मिटून 'शुभमंगल सावधान' म्हटलं, अक्षता पडल्या, बँड सुरू!

"मी त आचारी आहो ना जी!" तो झारा हलवत ओरडत होता. बँडपुढे ऐकतो कोण!

तेवढ्यात वरात आली. नवरदेवाचे वडील दारातच थबकले.

"लगन लागलं?"

"लागलं," आमचे काका म्हणाले.

"कोनासंगं?"

काकांनी आचाऱ्याच्या झाऱ्याकडे बोट दाखवलं. कमल हुंदके देऊ लागली. व्याह्यांनी नवरदेवाचा घोडा वळवला. सोन्यासारखं स्थळ माझ्यामुळं चाललं होतं! मी धावत जाऊन व्याह्यांचे पाय धरले.

"मामाजी, चूक माही आहे. तो भोंगा भाताचा होता!"

"भाताचा भोंगा?"

मग जो तो त्यांना समजावू लागला, प्रत्येक जण वेगळंच! त्या गोंधळात त्यांचं परत जायचं राहूनच गेलं.

आणि खरा बाराचा भोंगा वाजला. एक माणूस हलला नाही.

"आता हा कशाचा?" भटजींनी मला विचारलं.

खरं सांगतो, तोवर मलाही कळेनासं झालं होतं! शेवटी कमलच डोळे पुसून म्हणाली, "मुहूर्ताचा आहे ना, दादा! टाका ना अक्षता!" अक्षता संपल्या होत्या. पहिल्या नवरदेवानंच कोठीतले तांदूळ आणून वाटले.

पुढं माझं लग्न ठरलं. सासरे दर्यापूरचे, पण लग्न त्यांनी नांदगाव खंडेश्वराजवळच्या एका शेतात लावलं.

"तिथं कोन्ताच भोंगा आयकू येत नाई, जावईबापू," म्हणाले.

तरीही बोहल्यावर चढण्याआधी त्यांनी माझे खिसे तपासले. शिट्टी असली तर!