गाठींची दोरी

शाळेचे फुटबॉलचे सामने संपले, की मैदानावर नवं गवत पेरतात आणि फाटकाला कुलूप लागतं. गवताला विश्रांती मिळते ती बरोबरच आहे. पण सहावी-सातवीच्या पोरांना एवढी मोठी विश्रांती मिळाली, की वर्षभर कमावलेला दम कधी निसटून जातो ते त्यांनाही कळत नाही. तो दम राखायचं काम एका गवंड्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. त्याला कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणी काढूही शकत नव्हतं.

सगळा संघ त्याला मामा म्हणे. खरा मामा तो एकीचाच; पण भाचीच्या तोंडची हाक बाकीच्यांनी उचलली आणि तो सगळ्यांचाच झाला.

मामा स्वतः कधी संघातून खेळला नव्हता. तरुणपणी मैदानाभोवतीची भिंत त्याने बांधली, तेव्हा खाली मोठ्या मुलांचा सराव चाले आणि हा वर परांचीवर. हातात थापी, नजर खाली. मैदानात उभ्या माणसाला चेंडू दिसतो. उंचावरून बघणाऱ्याला मोकळ्या जागा दिसतात. भिंत पुरी होईतो खेळ त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. भिंतही अजून ओळंब्यात, सरळ उभी आहे, हे तो न विचारता सांगे.

काम सुटलं, की जिथे बांधकाम चालू असेल तिथल्या मागच्या अंगणात सराव भरायचा. आधी वाळूचा ढीग पळत चढायचा. पाय रुततो, मांड्या पेटतात, आणि वर पोचलेला पोरगा राजासारखा उभा राहतो. मग विटा. उभ्या केलेल्या विटांची लांब ओळ, आणि दोन विटांमधल्या जागेत एकेक पाऊल टाकत, गुडघे उचलत पळायचं. चेंडू मात्र जाळीत घालून पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. अर्धी सुट्टी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

“मामा, नुसता बघू तरी दे!” गोलात उभा राहणारा जाडजूड पोरगा रोज गयावया करी. त्याला सगळे दरवाजा म्हणत.

“बघ की. डोळ्यांना कुणी अडवलंय?”

विटा मामा अंदाजाने मांडत नसे. त्याच्या खिशात एक दोरी असे, तिला गाठी मारलेल्या. प्रत्येक गाठीला एक वीट. त्या गाठी गेल्या वर्षी त्याने भाचीच्या पावलांवरून घेतल्या होत्या, कारण तिच्यासारखं पळणारं संघात कुणी नव्हतं. भिंगरी म्हणत तिला. जी सगळ्यांत सुरेख पळते तिच्या पावलाने सगळ्यांनी पळावं, असा मामाचा हिशेब. आणि गवंड्याचा दोरीवर जेवढा विश्वास, तेवढा डोळ्यांवरही नसतो.

या सुट्टीत मात्र भिंगरीच विटांना अडखळू लागली. वाळूवर ती अजूनही पहिली. पण विटांत शिरली, की चौथ्या-पाचव्या पावलाला खटकन आवाज आणि वीट आडवी.

“ए भिंगरी, विटा पाडायला ठेवलंय का तुला?” दरवाजा ओरडला.

“लक्ष कुठंय तुझं?” मामा म्हणाला. “परत ये.”

ती परत आली. परत खटकन. परत. संध्याकाळ संपली तरी तिची ओळ पुरी होईना. दिवसामागून दिवस असंच चाललं, आणि मामाचा आवाज चढत गेला. परक्या पोरावर तो एवढा चढला नसता.

मामाची बहीण, भिंगरीची आई, लॉन्ड्रीत इस्त्री करायची. एकदा तिने गरम शर्टावरून मान वर न करता विचारलं, “दादा, काय बोललास तिला? जेवताना तोंड उघडत नाही पोरगी.”

“काही नाही. पाय उचलायला आळस करते.”

“आळस? या वर्षात दोनदा मोठे बूट घ्यावे लागलेत तिला. तुझं आपलं काहीतरीच.”

मामा हसला. ऐकलं, पण कानाच्या आत काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने तीन विटा पाडल्या आणि थांबली. बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधल्या आणि चेंडूशेजारच्या खिळ्याला अडकवले.

“कुणाला होतील त्याला दे,” ती म्हणाली. “माझे पाय माझं ऐकत नाहीत. मी नाही खेळणार आता.”

आणि अनवाणी, धावतच ती निघाली. कुठून, तर काम सुटता सुटता ओतलेल्या ओल्या कोब्यावरून.

“अगं ए! ओलं आहे ते!” मामाच्या जिवाचं पाणी झालं; ते कोब्यासाठी की पोरीसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पोरं पांगली. मामा फळी टाकून, थापी घेऊन पावलं बुजवायला बसला. बसताना सवयीने दोरी बाहेर काढली आणि एका पावलाशी धरली. पुढची गाठ दुसऱ्या पावलापर्यंत पोचेना. चांगली वीतभर अलीकडे राहिली. त्याने पुढच्या पावलावर धरली. तिथेही तेच.

मग बहिणीचं बोलणं त्याच्या कानाच्या आत गेलं.

त्याने सगळी पावलं गुळगुळीत बुजवली, एकही ठेवलं नाही. कोबा तो कोबा. मग हात न धुताच बहिणीच्या घरी गेला. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“पोरी, तुझ्या पायांचं काही चुकलेलं नाही,” तो दारातूनच म्हणाला. “दोरी चुकली. म्हणजे मीच. गेल्या वर्षीच्या पोरीच्या पावलाने तुला पळवत होतो.”

ती वळली नाही. “आणि एवढे दिवस ओरडलास ते?”

“ते पण चुकलं.”

“सगळ्यांसमोर ओरडलास.”

“मग सगळ्यांसमोरच सांगेन.”

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, विटांच्या ढिगावर उभं राहून, मान खाली घालून. भिंगरी खिळ्यावरचे बूट काढून गुपचूप घालत होती. मग मामाने तिला ओल्या वाळूवरून पळवलं, गुडघ्यांवर रांगत तिच्या पावलांवर कोरी दोरी धरली आणि गाठी मारल्या. शेजारी विटांची नवी ओळ लागली.

पहिल्या खेपेला तिने शेवटची वीट पाडलीच. दुसऱ्या खेपेला ती शिरली आणि बाहेर पडली, वीट जागची हलली नाही. तीच चाल होती, फक्त लांब झालेली.

“मामा, एवढं लांब?” दरवाजा कुरकुरला. “आम्ही काय घोडे आहोत?”

भिंगरीने मामाच्या खिशातली जुनी दोरी ओढून काढली आणि दरवाज्याच्या गळ्यात टाकली.

“ही वापर. आणि हरवू नकोस, माझी आहे.”